माझ्यापुढून गेलेला प्याला

भाकरीचा तुकडा माझ्या तोंडात होता, तेव्हाच प्याला माझ्यापुढून निघून गेला.

मुलुंडच्या एका चांगल्या सोसायटीतली ती बेडरूम. पलंगावर आजी. अर्धांगवायूने त्यांची डावी बाजू गेलेली. मी त्यांच्याकडची मावशी. म्हणजे त्यांचं हगणंमुतणं काढणारी, अंग पुसणारी, भरवणारी, कुशीवर वळवणारी बाई. आजींना चर्चला जाता येत नाही, म्हणून आमचे पाळकसाहेब महिन्यातून एकदा घरी येऊन त्यांना प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस, देत. आमचे म्हणतेय, कारण ते माझेही पाळक. आजींच्या सूनबाई, म्हणजे आमच्या मॅडम, ज्या चर्चच्या, त्याच चर्चची मी. त्या पहिल्या बाकावर बसतात. मी मागे, जिथे पंखा असेल तिथे.

एरवी प्रभुभोजनाच्या वेळेला मला बरोबर काहीतरी काम निघायचं. खालून औषध आण. गच्चीवरचे कपडे बघ. त्या दिवशी मात्र आजींनी माझा हात घट्ट धरून ठेवला होता. सुटेना. मग मीही गुडघे टेकले. आधी साहेब, म्हणजे आजींचा मुलगा, मग मॅडम, मग मी, आणि पलंगावर आजी.

पाळकसाहेबांनी भाकर मोडली. साहेबांच्या तळहातावर ठेवली, मॅडमच्या तळहातावर ठेवली, माझ्याही ठेवली. मी तोंडात टाकली. मग प्याला उचलला. चांदीचा प्याला, साहेबांच्या पणजोबांच्या वेळचा. एरवी शोकेसमध्ये असतो. टूथपावडर लावून मीच तो घासते. साहेब प्याले. मॅडम प्याल्या. प्याला माझ्या तोंडाजवळ आला. द्राक्षरसाचा वास आला इतका जवळ.

"पाळकसाहेब, तिला राहू द्या. ती चर्चमध्ये घेते ना."

पाळकसाहेबांचा हात थांबला.

"घरात पेशंट आहे," मॅडम म्हणाल्या. "उगाच इन्फेक्शन नको."

"हो, हो," पाळकसाहेब म्हणाले.

आणि प्याला आजींकडे गेला. साहेब खाली मान घालून होते. प्रार्थना म्हणून घातली होती की लाजेने, देव जाणे. शेवटी सगळ्यांनी आमेन म्हटलं. मीही म्हटलं. भाकरीचा तुकडा तेव्हाही माझ्या टाळूला चिकटलेला होता.

इन्फेक्शन. तासाभरापूर्वी मी ह्याच हातांनी आजींच्या पाठीवरची जखम साफ केली होती. पू पुसला होता. औषध लावलं होतं. ते हात चालतात. ह्या हातांनी भरवलेला घास आजींच्या पोटात गेलेला चालतो. ओठ तेवढे चालत नाहीत.

ह्या घरात माझा एक ग्लास होता. स्टीलचा. त्याच्या बुडाला नेलपॉलिशचा लाल ठिपका. वॉशिंग मशीनच्या बाजूला, कपडे धुण्याच्या पावडरीशेजारी तो पालथा असायचा. पहिल्या दिवशी मॅडमनी तो माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "हा तुझा हं." त्यांचा आवाज इतका गोड होता, की मला वाटलं, बघा, आपल्यासाठी वेगळा ग्लास काढला. स्वच्छतेचं असेल काही, शिकलेली माणसं आहेत. मग बघितलं, आजींना व्यायाम द्यायला एक फिजिओथेरपिस्ट येतो. घामाघूम होऊन येतो. तो त्यांच्या फुलाफुलांच्या काचेच्या ग्लासातून पाणी पितो. त्याला इन्फेक्शन नाही. त्याचं आडनाव बरं आहे.

रविवारी चर्चच्या दारात ह्याच मॅडम माझा हात हातात घेऊन म्हणायच्या, "सलाम, सिस्टर." सोमवारी सकाळी म्हणायच्या, "अगं, चप्पल लिफ्टकडे काढ, दारात नको."

माझे आजोबा नगरकडचे. गावकुसाबाहेरचे. तहान लागली तर विहिरीपासून लांब ओंजळ करून बसायचं, कुणाला दया आली तर वरून पाणी ओतणार. खाली सांडलं तर शिव्याही तुम्हालाच. एकदा आजोबा मिशनच्या बंगल्यावर लाकडं फोडायला गेले. दुपारी पाणी मागितलं आणि सवयीने ओंजळ पुढे केली. आतली बाई बाहेर आली आणि तिने ग्लास त्यांच्या हातात दिला. हातात. आजोबांना कळेना, ह्याचं करायचं काय. आई सांगते, ते किती तरी वेळ तो ग्लास धरून नुसते उभे होते. त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो त्यानंतर. लोक म्हणाले, भाकरीसाठी बाटला. भाकर आमच्या घरात बाप्तिस्म्यानंतरही नव्हतीच. आजोबा त्या ग्लासासाठी ख्रिस्ती झाले. आणि त्यांची नात ख्रिस्ती माणसांच्याच घरात लाल ठिपक्याच्या ग्लासातून पाणी पीत होती.

पाळकसाहेब गेल्यावर मी आजींचं तोंड पुसत होते. त्यांचं बोलणं जड झालेलं. एकेक शब्द ओढून काढावा लागायचा.

"तुला... दिला नाही," आजी म्हणाल्या.

"नाही, आजी."

त्यांच्या उजव्या डोळ्यातून पाणी आलं. मी तेही पुसलं. माझं काय झालं ते बघणारं त्या घरात एकच माणूस होतं, आणि त्याला हलता येत नव्हतं.

पुढच्याच आठवड्यात पाळकसाहेबांचा फोन आला. गुड फ्रायडे जवळ आला होता. आमच्या चर्चमध्ये त्या दिवशी दुपारी बारा ते तीन उपासना असते. येशू वधस्तंभावरून जे सात वेळा बोलला, त्या सात उद्गारांवर सात जण बोलतात. दरवर्षीचे ठरलेले. कुणी डॉक्टर, कुणी रिटायर्ड अधिकारी, कुणी मुख्याध्यापिका. आमच्या वस्तीतलं कुणी त्या पुलपिटवर, उपदेशाच्या व्यासपीठावर, कधी चढलेलं नव्हतं.

"यंदा कमिटीचं म्हणणं आहे, एखादी कष्टकरी भगिनीही असावी," पाळकसाहेब म्हणाले. "पाचवा उद्गार तुम्ही घ्याल का, ताई?"

पाचवा उद्गार तहानेचा. 'मला तहान लागली आहे.' एवढाच.

मला ताई म्हणण्याची त्यांची ती पहिलीच वेळ. त्यांना त्या दिवसाची बोच लागली असावी. माझ्यापुढून नेलेला प्याला असा परत करता येईल, असं वाटलं असावं. मी हो म्हटलं.

मॅडम कमिटीवर. त्यांना माझ्याआधीच सगळं ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी भलत्याच खुशीत होत्या. "टेन्शन घेऊ नकोस गं. मी लिहून देते, तू फक्त वाच. व्हॉट्सअ‍ॅप करते." लगेच केलंही. "आणि साडी पांढरी नेस. ती चमकीवाली निळी नको."

त्यांनी लिहिलं होतं: 'दुःख ही देवाची देणगी आहे. मी एका आजारी वृद्धेची सेवा करते. मलाही कधी भूक लागते, तहान लागते, पण मी तक्रार करत नाही. मुकाट्याने सोसण्यातच ख्रिस्ती माणसाला कृपा लाभते. ज्या कुटुंबाने मला आपलं मानलं, त्या कुटुंबाची मी आभारी आहे.'

छान लिहिलं होतं. पूर्वीची मी असते तर डोळे मिटून वाचलं असतं. लहानपणापासून हेच ऐकत आलेय. सोस, देव बघतोय. सोस, स्वर्गात मिळेल. ज्यांना काही सोसावं लागत नाही, तेच हे जास्त सांगतात, एवढं मात्र कधी लक्षात आलं नव्हतं.

घाटकोपरच्या डोंगरावर आमची खोली. आई आणि मी. नवरा गेला त्याला बरीच वर्षं झाली. घरी फोन हातात धरून मी ते मोठ्याने वाचायला लागले. आई तांदूळ निवडत होती. ऐकून घेतलं तिने सगळं.

"कुणी लिव्हलं गं हे?"

"मॅडमनी."

"तरीच," आई म्हणाली. "ह्यात तहान कुठंय?"

मला राग आला. म्हटलं, "आई, सोसण्यात कृपा असते, हे तूच शिकवलंस ना मला?"

आई वैतागली. हातातलं सूप खाली ठेवलं. "मी सोसलं ते तुझ्यासाठी. माझ्या पोरीसाठी. लोकांनी वरून थुंकावं आन् आपुन वर तोंड करून म्हणावं, देवाची कृपा, हे मी कधी शिकवलं तुला?"

त्या रात्री आम्ही एकमेकींशी बोललो नाही. मला तिचा राग आला होता, कारण तिचं खरं होतं, आणि खरं मानलं तर माझी नोकरी जाणार होती. दुसरं काम मिळेल, न मिळेल. आणि आजी. आजींना सोडून जायचं माझ्या जिवावर येत होतं.

त्याच आठवड्यात आजींचं गिळणं बंद झालं. पाणी छातीत जाईल म्हणून डॉक्टरांनी तोंडाने काहीही द्यायचं नाही असं सांगितलं. नाकातून नळी घातली. एप्रिलची दुपार, बाहेर नुसती आग. आजींचे ओठ फुटलेले, जीभ कोरडी ठाक. मॅडम दारात उभ्या होत्या. जवळ यायची त्यांना भीती वाटत होती. आजी माझ्याकडे बघून म्हणाल्या,

"पाणी."

"आजी, द्यायचं नाहीये."

"पाणी दे गं."

मी कापसाचा बोळा पाण्यात बुडवून त्यांच्या ओठांवर फिरवला. त्यांनी तो चोखला. पुन्हा म्हणाल्या, पाणी. एवढ्या मोठ्या घरातली बाई. शाळेच्या हेडमिस्ट्रेस होत्या म्हणे, सगळे चळाचळा कापायचे. त्या माझ्याकडे, दारात चप्पल काढायचीही मुभा नसलेल्या बाईकडे, पाणी मागत होत्या. त्यात त्यांना कसलाच कमीपणा वाटत नव्हता. तहान लागली होती, म्हणून सांगत होत्या.

बोळा माझ्या हातातच राहिला.

येशूनेही हेच केलं होतं. त्याला खिळे ठोकलेले होते. त्याची वस्त्रं वाटून घेऊन लोक खाली बसले होते. आणि त्यांच्याच समोर त्याने सांगितलं, मला तहान लागली आहे. मुकाट्याने सोसलं नाही. गिळलं नाही. स्वर्गातला असून त्या शिपायांसमोर सुकलेल्या घशाने बोलला. त्यांनीही बोळाच पुढे केला, आंबेत, म्हणजे शिरक्यात, बुडवलेला. इतकी वर्षं गुड फ्रायडेला मी हे ऐकतेय. पण दरवेळी ते पुढच्या बाकावरच्या माणसांच्या तोंडून ऐकलं होतं.

मला रडू आलं. दुःखाचं नव्हतं ते. त्या बेडरूममध्ये प्याला माझ्यापुढून गेला तेव्हा मला वाटलं होतं, देवही त्या प्याल्याबरोबर पुढे गेला. तसं झालं नव्हतं. प्याला पुढे गेला. देव माझ्याजवळच राहिला होता. कोरड्या तोंडाने, माझ्यासारखाच. कृपा म्हणतात ती मला तिथे मिळाली, औषधांच्या वासात, आजींच्या पलंगापाशी. आणि ती मिळाल्यावर मला गप्प बसणं अशक्य झालं.

गुड फ्रायडेला मी निळी साडी नेसले. चमकीवाली.

चर्च भरलेलं. पहिल्या बाकावर साहेब, मॅडम. मॅडमनी माझी साडी बघितली आणि ओठ मुडपले. चार उद्गार झाले. चौघेही चांगले बोलले. मग माझं नाव घेतलं. पुलपिटच्या पायऱ्या मी पहिल्यांदाच चढले. वर जाऊन मी फोन समोर ठेवला. मॅडमचं लिहिलेलं उघडलेलं होतं. मी काही बोलेना, तेव्हा जरा वेळाने स्क्रीन आपोआप काळी झाली. मी ती परत लावली नाही.

मी जे बोलले ते असं:

"येशूला तहान लागली आणि त्याने ती सांगितली. ज्यांनी खिळे ठोकले त्यांच्यासमोर सांगितली. म्हणून मीही सांगते. मला तहान लागली आहे. मी एका ख्रिस्ती घरात काम करते. तिथे माझा पाण्याचा ग्लास वेगळा आहे. त्याला लाल ठिपका आहे. त्याच घरात माझ्या तोंडाजवळ आलेला प्रभूचा प्याला मागे घेतला गेला. भाकर माझ्या तोंडात होती. माझे आजोबा एका ग्लासासाठी ख्रिस्ती झाले. तो ग्लास मी मागतेय. मी कुणाचं नाव घेणार नाही. प्रभूनेही खिळे ठोकणाऱ्यांची नावं घेतली नाहीत. पण तहान लपवली नाही. आमेन."

मागून एक म्हातारी बाई मोठ्याने "आमेन" म्हणाली, मग आणखी दोघीतिघी. पेटीवाल्याने घाईघाईने पुढचं गीत सुरू केलं. पाळकसाहेब स्वतःच्या बुटांकडे बघत होते. मी खाली उतरले आणि मागे जाऊन बसले.

उपासना संपल्यावर मॅडमनी मला गेटपाशी गाठलं. चेहरा लालबुंद.

"आम्ही तुला घरातली समजलो गं. त्याचे हे पांग फेडलेस?"

"घरातली समजलात, मग घरातला ग्लास का नाही दिलात, मॅडम?"

"उद्यापासून येऊ नकोस."

एवढंच. दोन वर्षं एवढ्यात संपली.

दुसऱ्या दिवशी दुपारी साहेबांचा फोन आला. त्यांच्या आवाजात थकवा होता. आजी नव्या बाईला हात लावू देत नव्हत्या. कूस बदलू देत नव्हत्या. "झालं गेलं सोड ना. मॅडमना एकदा सॉरी म्हण, बस, आणि ये. आई तुझ्याशिवाय कुणाचं ऐकत नाहीये."

माझ्या डोळ्यांसमोर आजींची पाठ आली. कूस बदलली नाही की ती जखम किती चिघळते, ते मला माहीत आहे. तोंडावर आलं होतं, येते म्हणून.

"येते, साहेब," मी म्हणाले. "आत्ता निघते. सॉरी म्हणणार नाही. आणि पाणी घरातल्या ग्लासातून पिणार."

"तू आता अटी घालणार आम्हाला?"

"हो साहेब. एकच आहे."

ते म्हणाले, "विचारून सांगतो." फोन ठेवला. ते घर त्यांचं, आई त्यांची, आणि एका ग्लासासाठी त्यांना विचारावं लागत होतं.

त्यांचा फोन परत आला नाही. संध्याकाळपर्यंत मी फोन जवळ घेऊन बसले होते. आजींसाठी मी खूप रडले. माझं काय चुकलं असं मात्र एकदाही वाटलं नाही. आई माझ्या शेजारी येऊन बसली. चहा करून दिला.

दुसऱ्या दिवशी पुनरुत्थानाचा रविवार, ईस्टर. प्रभुभोजन. आमच्या चर्चमध्ये वेदीपुढे लाकडी कठडा आहे. लोक रांगेने पुढे येतात, कठड्याशी गुडघे टेकतात. पाळकसाहेब एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जात सगळ्यांना एकाच प्याल्यातून देतात. एक जण प्याला की पांढऱ्या रुमालाने कड पुसायची, मग पुढच्याला. कोरोनात छोटे छोटे प्लॅस्टिकचे कप आले होते. नंतर पुन्हा एकच प्याला सुरू झाला.

मी कधीच पहिल्या फेरीत जात नसे. आधी पुढचे बाक, मग मधले, मग आम्ही. त्या दिवशी मॅडम उठल्या तशी मीही उठले. मागच्या बाकावरून चालत पुढे गेले. लोक बघत होते, बघू देत. मॅडमनी गुडघे टेकले. मी त्यांच्या डाव्या हाताला गुडघे टेकले. प्याला डावीकडून येतो. त्यांनी मान वळवून मला पाहिलं आणि सरकायला गेल्या. पलीकडे साहेब होते. सरकायला जागाच नव्हती.

पाळकसाहेब आले. माझ्यासमोर थांबले. प्याला पुढे केला. मी त्याला खालून हात लावला आणि तोंडाजवळ आणला. इतरांसारखा ओठ लावून सोडला नाही. चांगला घोट घेतला. घशातून खाली उतरेपर्यंत प्याला सोडला नाही.

पाळकसाहेबांनी कड पुसली आणि ते मॅडमकडे वळले. मॅडम प्याल्या की नाही, मी बघितलं नाही. मी उठले, पण मागे माझ्या जागेवर गेले नाही. पहिल्या बाकाच्या मागच्याच बाकावर जागा होती, तिथे बसले.

आता मी भांडुपला दुसऱ्या एका पेशंटकडे जाते. पहिल्याच दिवशी त्या घरात शिरल्यावर विचारलं, "मी पाणी कुठल्या ग्लासातून पिऊ?" ती बाई गोंधळली. म्हणाली, "कुठल्याही. असं काय विचारता?" असंच विचारते मी आता. आधी ग्लास, मग काम.

आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी मी पुढे जाते. मॅडम जागा बदलतात. कधी ह्या टोकाला, कधी त्या टोकाला, कधी दुसऱ्या फेरीत. मी त्यांच्या मागून जाते आणि त्यांच्या डाव्या हाताला गुडघे टेकते. प्याला आधी माझ्याकडे येतो. त्यांना प्यायचं असेल तर माझ्यानंतर प्यावं लागेल. नसेल प्यायचं, तर देवासमोर तसं सांगावं लागेल. मी ती जागा सोडणार नाही.